यकृताचे माप कोण राखते?

नोव्हेंबर 1998 मध्ये दिल्लीतील एका रुग्णालयात वीस महिन्यांच्या एका बालकावर यकृत-प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. जन्मतःच त्याच्या पित्तनलिका नीट घडलेल्या नव्हत्या. पित्ताला बाहेर पडण्यास वाट नसल्याने ते यकृतातच साचत होते आणि यकृत निकामी होत चालले होते. वडिलांच्या यकृताचा एक तुकडा काढून तो बालकाच्या पोटात बसवण्यात आला. भारतातील बालकावरचे हे पहिले यशस्वी यकृत-प्रत्यारोपण. ते बालक वाचले, मोठे झाले आणि पुढे स्वतः डॉक्टर झाले.

त्यानंतरच्या काळात आपल्या देशात अशा हजारो शस्त्रक्रिया झाल्या आहेत. पाश्चात्त्य देशांत बहुतेक यकृते मृत दात्यांकडून मिळतात. भारतात मात्र बहुसंख्य प्रत्यारोपणांत दाता हा घरातलाच जिवंत माणूस असतो. आई मुलाला देते, पत्नी पतीला देते, मुलगा वडिलांना देतो. असा निर्णय घेण्याची वेळ ज्या घरावर येते, त्या घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो. डॉक्टर सांगतात की यकृत पुन्हा वाढते. ठीक, पण वाढू लागलेली वस्तू थांबते कशी? आणि ती थांबलीच नाही तर?

हा प्रश्न भाबडा वाटतो, पण तो तसा नाही. जीवशास्त्रातील मोठमोठ्या संशोधकांनी याच प्रश्नापायी आपली उमेदीची वर्षे घालवली आहेत. त्याचे जे काही उत्तर हाती आले आहे, त्यातून कर्करोगाच्या स्वरूपावरही बराच प्रकाश पडला आहे.

प्रौढ माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते. 1931 मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या दोन अमेरिकी संशोधकांनी उंदराच्या जातीतील घुशीएवढ्या प्राण्याचे, ज्याला प्रयोगशाळेत रॅट म्हणतात, दोन-तृतीयांश यकृत काढून टाकण्याची पद्धत बसवली. उरलेला एक-तृतीयांश भाग आठ-दहा दिवसांत वाढून मूळच्या वजनाला पोहोचतो आणि तेथेच थांबतो. यात एक बारकावा आहे आणि तो दात्याने समजून घेण्यासारखा आहे. कापलेला खंड पुन्हा उगवत नाही. पालीचे शेपूट तुटल्या जागी फुटते, तसे येथे होत नाही. जो भाग उरला आहे तोच सर्व बाजूंनी भरतो. यकृताचा आकार पूर्ववत होत नाही, वजन पूर्ववत होते. म्हणजे शरीर जे मोजते ते रूप नसून परिमाण आहे.

त्याहून नवलाची गोष्ट प्रत्यारोपणात दिसते. लहान कुत्र्याचे यकृत मोठ्या कुत्र्याच्या शरीरात बसवले तर ते वाढून नव्या शरीराच्या मापाचे होते. माणसातही लहान बांध्याच्या दात्याचे यकृत थोराड देहात गेल्यावर त्या देहाला पुरेल इतके वाढते. यकृत आपले माप स्वतःजवळ बाळगत नाही. ज्या घरात जाईल त्या घराच्या गरजेनुसार ते ठरवते.

परंतु हा नियम सर्व अवयवांना लागू नाही. मूत्रपिंडाचे पाहा. दात्याने एक मूत्रपिंड दिले की दुसरे मोठे होते खरे, पण ते मुख्यतः आहे त्याच पेशी फुगून. नव्या पेशी फारशा जन्मत नाहीत. सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या मोठ्या जातीतील पायाचा अंकुर लहान जातीच्या प्राण्यावर कलम केला, तर त्या लहानखुऱ्या अंगावर मोठाच पाय वाढतो. त्या अंकुराने आपले माप बरोबर आणलेले असते. ऑस्ट्रेलियातील डोनाल्ड मेटकाफ यांनी 1960च्या दशकाच्या आरंभी उंदरांवर केलेला प्रयोग तर या बाबतीत आदर्श मानावा असा आहे. त्यांनी भ्रूणातील थायमस ग्रंथी एकाच उंदराच्या शरीरात अनेक संख्येने बसवल्या. प्रत्येक ग्रंथी पूर्ण आकाराची झाली. प्लीहांच्या बाबतीत त्यांनी तसेच केले, तेव्हा प्रत्येक प्लीहा छोटीच राहिली आणि सर्वांच्या वजनाची बेरीज एका प्लीहेएवढी भरली. एक अवयव स्वतःचा हिशोब स्वतः ठेवतो, दुसरा सगळ्यांचा मिळून एकच हिशोब ठेवतो. दोन्ही हिशोब चोख असतात. माणसाचे दोन हात सोळा-सतरा वर्षे एकमेकांपासून दूर, स्वतंत्रपणे वाढतात, आणि तरी शेवटी त्यांच्या लांबीत जाणवण्याजोगा फरक राहत नाही.

हा हिशोब कोणत्या लिपीत लिहिला जातो याचा पहिला धागा एका क्षुद्र जिवाकडून मिळाला. पिकलेल्या केळ्यांभोवती जी बारीक चिलटे घोंघावतात त्यांच्याच कुळातील ड्रोसोफिला ही फळमाशी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत शंभराहून अधिक वर्षे पाळली जात आहे. तिची पिढी दहा-बारा दिवसांत पुरी होते, आणि कर्करोगाशी संबंध असलेली माणसाची कितीतरी जनुके तिच्यात थोड्याफार फरकाने आढळतात. संशोधकांची पद्धत अशी. माशीच्या एखाद्या जनुकात बिघाड घडवायचा आणि काय होते ते पाहायचे. पण महत्त्वाचे जनुक बिघडले तर माशी अळीच्या अवस्थेतच मरते, मग तिच्या प्रौढ अवयवांत काय झाले असते ते कसे कळणार? यावर तोड म्हणून माशीच्या शरीराचा एखादा छोटासा पट्टाच तेवढा बिघडलेल्या पेशींचा आणि बाकीचे अंग निरोगी, अशी रचना करण्याचे तंत्र 1990च्या दशकात हाती आले. जणू एकाच कापडात दोन प्रकारचे सूत शेजारीशेजारी विणलेले. कोणते सूत जास्त पसरते ते डोळ्यांनी दिसते.

1995 मध्ये दोन स्वतंत्र गटांना असे एक जनुक सापडले, जे बिघडले असता त्या पट्ट्यातील पेशी मर्यादा सोडून वाढतात आणि माशीच्या अंगावर गाठी उठतात. एका गटाने त्याला ‘वॉर्ट्स’, म्हणजे चामखीळ, असे नाव दिले. 2002 मध्ये त्याच्या जोडीचे दुसरे जनुक मिळाले. ते बिघडलेल्या माशीच्या डोक्यावरील कातडीला इतक्या घड्या पडत की एका गटाने त्याला ‘शारपे’ या सुरकुतलेल्या चिनी कुत्र्याचे नाव दिले. दुसऱ्या गटाने ‘साल्व्हाडोर’ म्हटले आणि तेच नाव पुढे टिकले. मग 2003 मध्ये जगातील पाच प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी तिसरे जनुक जाहीर केले. हे बिघडलेल्या माशीचे डोके फुगून, काळसर व वळ्यावळ्यांचे होऊन, पाणघोड्यासारखे दिसे. म्हणून त्याचे नाव ‘हिप्पो’. फळमाशीवर काम करणाऱ्यांना जनुकांची नावे ठेवण्यात भलताच विनोद सुचतो. पण हेच गमतीदार नाव आज संपूर्ण यंत्रणेला मिळाले आहे आणि वैद्यकाच्या गंभीर ग्रंथांतही ती ‘हिप्पो मार्ग’ म्हणूनच ओळखली जाते. या शोधात मधुरी कांगो-सिंग या भारतीय नावाच्या संशोधिकेचा सहभाग प्रारंभापासून आहे. ‘शारपे’चा 2002चा शोधनिबंध त्यांच्याच नावाने सुरू होतो.

2005 मध्ये अमेरिकेतील दुओजिया पान यांच्या गटाला या साखळीचे शेवटचे टोक सापडले. आतापर्यंतची जनुके बिघडली की अवयव वाढत. हे नवे जनुक काढून टाकले की अवयव खुरटत. त्याला त्यांनी यॉर्कशायर टेरियर या चिमुकल्या कुत्र्यावरून ‘यॉर्की’ म्हटले. येथे चित्र पुरे झाले. यॉर्की हा वाढीचा प्रवेगक, आणि हिप्पो, साल्व्हाडोर, वॉर्ट्स हे त्याला लावलेले ब्रेक.

हा ब्रेक लागतो कसा, हे समजण्यास अवघड नाही. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्यात जनुकांच्या प्रती सुरक्षित असतात. यॉर्की हे प्रथिन केंद्रकात शिरले, तर तेथील एका सहायक प्रथिनाला धरून ते ‘विभाजन करा’ आणि ‘मरू नका’ अशा अर्थाची जनुके चालू करते. बाहेर राहिले, तर काही करू शकत नाही. तेव्हा सारा प्रश्न त्याला आत जाऊ द्यायचे की नाही एवढाच उरतो. हिप्पो हे प्रथिन वॉर्ट्सवर फॉस्फेटचा एक बारीकसा रासायनिक तुकडा चिकटवते. त्यामुळे वॉर्ट्स जागे होते आणि तोच तुकडा पुढे यॉर्कीवर चिकटवते. व्यापारात शिक्का बसलेला माल नाक्यातून पुढे जातो. येथे उलट आहे. शिक्का बसलेला यॉर्की नाक्याबाहेरच अडकतो. दुसरी काही प्रथिने त्याला तेथे धरून ठेवतात, आणि फार काळ पडून राहिला तर त्याची विल्हेवाट लावली जाते.

पण हिप्पोला तरी जागे कोण करते? कोणी एक वरिष्ठ अधिकारी करत नाही, हे या कथेतील सर्वांत महत्त्वाचे उत्तर म्हणावे लागेल. पेशीला चोहोबाजूंनी शेजारी भिडलेले असणे, तिच्या पायाखालचा पृष्ठभाग मऊ की कठीण असणे, तिच्या अंगावर ताण किती असणे, रक्तातून कोणते संदेश येणे, या सर्वांचा परिणाम तेथे एकत्र होतो. काचेच्या थाळीत पेशी वाढवल्या तर त्या पसरत जातात आणि एकमेकींना चिकटून थाळीचा तळ भरला की विभाजन थांबवतात. ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक होती. तिचे एक मोठे कारण हिप्पो मार्गात असल्याचे 2007 मध्ये दिसून आले. थाळीत विरळ बसलेल्या पेशींत हे प्रथिन केंद्रकात असते, दाट झालेल्या पेशींत बाहेर. 2011 मध्ये इटलीतील पादुआ येथील स्तेफानो पिक्कोलो यांच्या गटाने दाखवले की शेजारी कोणी नसले तरी केवळ पृष्ठभागाच्या कठीणपणाने हा निर्णय फिरतो. कठीण पृष्ठभागावर पसरलेली पेशी वाढीकडे झुकते, मऊ पृष्ठभागावरची आकसून शांत राहते. प्रत्येक पेशी आपल्या हाताला लागेल तेवढेच जग चाचपते, आणि त्या कोट्यवधी चाचपण्यांतून अवयवाचे माप राखले जाते.

माशीच्या यॉर्कीचा माणसातील भाऊ म्हणजे ‘याप’. तो 1994 मध्येच सापडलेला होता, फक्त त्याचे काम काय ते त्या वेळी ठाऊक नव्हते. ते काम यकृताच्या संदर्भात 2007 मध्ये उघड झाले, आणि तो प्रयोग थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे. उंदरांच्या यकृतात यापचे जनुक अशा रीतीने बसवले गेले की पिण्याच्या पाण्यात एक विशिष्ट औषध घातल्यावरच ते चालू व्हावे. उंदराचे यकृत त्याच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असते. औषध सुरू केल्यावर चार आठवड्यांत ते पंचवीस टक्क्यांवर गेले. अख्ख्या उंदराचा चौथा हिस्सा यकृतच. मग औषध बंद करण्यात आले आणि यकृत पुन्हा आपल्या मूळ मापाजवळ आले. जास्तीच्या पेशी आपण होऊन मेल्या. मात्र ज्या उंदरांत औषध चालूच ठेवले, त्यांच्या यकृतात काही आठवड्यांनी गाठी दिसू लागल्या आणि त्या कर्करोगाच्या होत्या. पुढे 2009 मध्ये उंदराच्या यकृतातील हिप्पोची दोन्ही रूपे काढून टाकण्यात आली, तेव्हाही तेच झाले. आधी प्रचंड यकृत, मागाहून कर्करोग.

या प्रयोगावरून दात्याच्या घरातील प्रश्नाला काहीसे उत्तर मिळते. यकृताचा तुकडा कापला जातो तेव्हा उरलेल्या पेशींवरचा हा ब्रेक काही काळ सैल होतो, याप केंद्रकात शिरतो आणि विभाजन सुरू होते. आवश्यक तेवढे वजन भरत आले की ब्रेक पुन्हा आवळला जातो. कर्करोगात नेमका हा दुसरा भागच घडत नाही. यकृताची पुनर्वाढ आणि कर्करोग यांत वाढीची अवजारे पुष्कळशी एकच आहेत. भेद आहे तो थांबण्यात. म्हणूनच, वाढ झाली म्हणजे कर्करोगाकडे वाटचाल झाली, असा जो समज काही घरांत भीतीपोटी धरला जातो तो बरोबर नाही. निरोगी दात्याचे उरलेले यकृत आपल्या मापावर येऊन थांबते, आणि यकृतदान केल्यामुळे दात्याला यकृताचा कर्करोग होतो असा अनुभव नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. अधूनमधून वृत्तपत्रांत कर्करोगाचा मूळ कारक सापडल्याचे मथळे येतात, त्या पंक्तीत हिप्पोला बसवणे उचित होणार नाही. वाढीचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणा अनेक आहेत. पोषण किती मिळते यावरून पेशीचा आकार ठरवणारी एक निराळी साखळी आहे, जनुकांना इजा झाली की पेशीला थांबवणारी आणखी निराळी. हिप्पोचा प्रभावही सगळीकडे सारखा नाही. आतड्यात याप बेसुमार चालू केला तर अपक्व पेशींची गर्दी होते, पण आतडे यकृतासारखे पाचपट होत नाही. यकृताला शरीराची गरज नेमकी कशी कळते, त्यात पित्तामधील आम्लांचा आणि रक्तातील द्रव्यांचा वाटा किती, यावर आजही काम चालू आहे.

माणसांत हा ब्रेक तुटल्याची उदाहरणे मात्र प्रयोगशाळेच्या बाहेरही आहेत. हिप्पोला जागे करणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचे नाव मर्लिन. त्याचे जनुक 1993 मध्ये सापडले. ते जन्मतः सदोष असलेल्या माणसांत, ज्यांचे प्रमाण साधारण पंचवीस ते तेहतीस हजारांत एक इतके असते, दोन्ही कानांच्या मज्जातंतूंवर गाठी होतात आणि ऐकू येणे कमी होत जाते. या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात, परंतु जागा अशी नाजूक की त्यांचा त्रास मोठा. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग आहे. त्यातील बहुसंख्य रुग्णांत यापचा जुळा भाऊ ‘टॅझ’ याचे जनुक तुटून दुसऱ्याच जनुकाला जोडले गेलेले असते. नेहमीच्या कर्करोगांत हिप्पोची जनुके थेट बिघडलेली क्वचित आढळतात, पण याप केंद्रकात ठाण मांडून बसलेला पुष्कळ वेळा आढळतो.

मर्लिनचे जनुक आणखी एका रोगात वारंवार बिघडलेले दिसते, आणि व्यापारी कुटुंबांनी त्याची विशेष नोंद घ्यावी. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो. त्याचे प्रमुख कारण अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे आत जाणे हे आहे. ते तंतू आत गेल्यावर वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी रोग प्रकट होतो. म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड घरात कोणाला घालता येत नाही. जगातील साठाहून अधिक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. भारतात पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस आयात होते आणि सिमेंटच्या पत्र्यांत वापरले जाते. बाजारपेठेतील कितीतरी जुन्या गोदामांवर, वखारींवर आणि दुकानांच्या मागील पडव्यांवर हेच पत्रे आहेत. अखंड पत्रा आपल्या जागी असेल तर धोका कमी असतो. तो करवतीने कापणे, त्याला ड्रिलने भोके पाडणे, फोडून त्याचा चुरा करणे, कोरडा झाडून काढणे, यांतून तंतू हवेत उडतात. गोदाम पाडताना किंवा छप्पर बदलताना मजुरांच्या हाती हातोडा देऊन मोकळे होण्याची आपल्याकडील रीत त्या मजुरांच्या दृष्टीने फार घातक आहे. पत्रे पाण्याने भिजवून, न फोडता, अखंड उतरवावेत, योग्य मुखपट्टी वापरावी आणि तुकडे बंद पिशव्यांत भरावेत. खर्च थोडा वाढेल. तो मालकाने सोसावा.

कठीणपणाचा जो मुद्दा वर आला, तो यकृताच्या आजारांत पुन्हा भेटतो. यकृताला दीर्घकाळ इजा होत राहिली की तेथे व्रणाचे तंतू साठतात आणि मऊ अवयव कडक होत जातो. त्याची अखेरची अवस्था म्हणजे सिरॉसिस. कडक झालेल्या परिसरात पेशींवरचा ब्रेक सैल पडण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. यकृताचे बहुतेक कर्करोग सिरॉसिस झालेल्या यकृतातच का उद्भवतात, याचे हे एक कारण मानले जाते. इजेची कारणे परिचित आहेत. हिपॅटायटिस बी आणि सी, मद्य, आणि यकृतात साठणारी चरबी.

या शेवटच्या कारणाविषयी निर्व्यसनी, शाकाहारी घरांत एक निश्चिंतता आढळते. ती अनाठायी आहे. थेंबभर मद्य न घेणाऱ्या माणसांतही चरबीयुक्त यकृत भारतात सर्रास दिसते. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यावर बसून राहणे, वजन पोटावर चढणे, मधुमेह, मिठाई, फरसाण आणि गोड पेये यांचा सततचा मारा, ही त्याची वाट आहे. सोनोग्राफीच्या अहवालात ‘यकृताचा आकार वाढला आहे, ग्रेड एक’ असे वाचून लोक तो कागद कपाटात ठेवून देतात. हा वाढलेला आकार पुनर्वाढीतला आकार नव्हे. पेशींची संख्या वाढलेली नसते, त्यांच्यात तेल भरलेले असते. बहुतेकांत ही अवस्था पुढे सरकत नाही, परंतु काहींत जळजळ, व्रण, काठिण्य आणि सिरॉसिस असा क्रम लागतो. नवजात बालकाला हिपॅटायटिस बीची लस जन्मल्यापासून चोवीस तासांत देणे हाही याच रक्षणाचा भाग आहे, आणि ती शासकीय लसीकरणात विनामूल्य मिळते.

यापला केंद्रकात ज्या सहायक प्रथिनाची गरज लागते, त्याच्यावर आघात करणारी औषधे आता तयार झाली आहेत आणि त्यांच्या माणसांवरील चाचण्या सुरू आहेत. या चाचण्यांत मेसोथेलिओमाच्या रुग्णांना अग्रस्थान मिळाले, ते मर्लिनच्या वर सांगितलेल्या नात्यामुळेच. काही रुग्णांच्या गाठी आकसल्या आहेत. परंतु मूत्रपिंडाच्या गाळणीतील पेशींनाही याच यंत्रणेची गरज असते, त्यामुळे काहींच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि औषधाची मात्रा सांभाळून द्यावी लागते. वाढीचा प्रवेगक सर्व शरीरात बंद करणे परवडणारे नाही, हे त्यातून दिसते. याच कारणाने, यकृत ‘पुन्हा तयार करणारी’ म्हणून जाहिरातींत मिरवणारी चूर्णे आणि काढे यांच्यापासून दूर राहणे शहाणपणाचे. निरोगी यकृताला पुनर्वाढीसाठी बाहेरच्या प्रेरणेची गरज नसते, आणि आजारी यकृताला अज्ञात वनस्पतींचा भार सोसत नाही.

वर सांगितलेले सारे ज्ञान माशा, उंदीर आणि कुत्री यांच्या जिवावर मिळालेले आहे, ही गोष्ट ज्या घरांत चिलटालाही हात उगारला जात नाही तेथे खटकल्याशिवाय राहणार नाही. तिची टोचणी झाकण्याचे कारण नाही. त्या दिशेने थोडा बदल होत आहे एवढे नमूद करता येते. मानवी पेशींपासून थाळीत वाढवलेले यकृताचे सूक्ष्म नमुने अनेक प्रयोगांत प्राण्यांची जागा घेऊ लागले आहेत, आणि 2023 मध्ये भारताने नव्या औषधांच्या चाचण्यांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून अशा पद्धतींना मान्यता दिली आहे.

आता दात्याविषयी. 1994च्या अवयव-प्रत्यारोपण कायद्याने पती-पत्नी, आईवडील, मुले आणि भावंडे यांना निकटचे नातेवाईक मानले. 2011च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांची त्यात भर पडली. इतरांना विशेष समितीची परवानगी लागते. बालकाला द्यायचे तर डाव्या बाजूचा लहान तुकडा, यकृताचा पाचवा ते चौथा हिस्सा, पुरतो. प्रौढाला द्यायचे तर बहुधा उजवा खंड, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास, काढावा लागतो. दात्याजवळ किमान तीस-पस्तीस टक्के यकृत राहिलेच पाहिजे, हे शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅनने मोजून ठरवले जाते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत वाढ वेगाने होते, मग वेग मंदावतो, आणि काही महिन्यांत वजन जवळजवळ पूर्ववत होते. पित्त झिरपणे, जंतुसंसर्ग, व्रणाजवळ हर्निया अशा अडचणी काही दात्यांना येतात. मृत्यूची शक्यता हजारात एक ते पाच एवढी सांगितली जाते. उजवा खंड देताना ती अधिक. ही संख्या लहान आहे, पण शून्य नाही, आणि ती दात्याला एकांतात, कुटुंबातील कोणीही समोर नसताना, स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. सुनेला किंवा धाकट्या भावाला सर्वांदेखत नकार देणे किती कठीण असते हे आपल्याकडील एकत्र कुटुंबांत कोणालाही सांगावे लागू नये. ‘पुन्हा वाढतेच की’ हे वाक्य खरे असले तरी ते दबावाचे साधन होता कामा नये.

आणखी एक अडचण प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी पुढे येते. मुलगा वडिलांना यकृत देण्यास मनापासून तयार असतो, रक्तगट जुळतो, आणि स्कॅनमध्ये त्याच्याच यकृतात चरबी निघते. चरबीने भरलेले यकृत कापल्यावर नीट वाढत नाही. त्याचा धोका दात्यालाही असतो आणि घेणाऱ्यालाही. अशा दात्याला परत पाठवले जाते, परंतु नेहमीच कायमचे नाही. रुग्णाची प्रकृती थोडी सवड देणारी असेल तर आहारातील साखर आणि तळण बंद करून, रोज चालून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत वजन उतरवण्यास त्याला सांगतात. मग तपासणी पुन्हा होते, आणि पहिल्या वेळी नाकारलेले कितीतरी तरुण दुसऱ्या वेळी दाता म्हणून स्वीकारले जातात.